भांडं कुणाचं

बेचाळीस वर्षं मातीतून बटाटे काढले मी,
ट्रक भरभरून तळघरांत रचले,
पण एकही बटाटा कधी शिजवला नव्हता.

आमच्या आयडाहोत माणूस गेलं
की दुसऱ्या दिवशी दारात बटाटे येतात.
काचेच्या चौकोनी भांड्यात,
चंदेरी कागदाखाली, अजून कढत.
खाली कीस आणि चीज,
वर लोण्यात घोळलेला कॉर्नफ्लेक्सचा चुरा.
आणणारी बाई बूट झटकते,
ओट्यावर भांडं टेकवते,
"तीनशे पन्नासवर गरम करा," एवढंच म्हणते
आणि बर्फातून आपल्या गाडीकडे जाते.

आर्डिथने अशी किती भांडी पोचवली
याचा हिशेब कुणी ठेवला नाही.
आमच्या पाटाचं पाणी ज्याने रातोरात वळवलं होतं
त्या विल्फोर्डच्याही घरी गेली ती.
मी ट्रकमध्येच बसून राहिलो, इंजिन चालू ठेवून.
परत येऊन पट्टा लावत म्हणाली,
"मेलेल्याशी कसला दावा?
आणि जिवंत आहेत ते सकाळपासून उपाशी आहेत."

मंगळवारी तिची माती.

लुएलाचा फोन आला चर्चमधून:
थेन, तू काही करायचं नाहीस,
नुसता बसून राहा.
बसलो.
घड्याळाच्या खालच्या खुर्चीत तासभर बसलो.
मग उठून तिचं भांडं काढलं
आणि पिठाच्या डब्यामागचं ते कार्ड,
कडेला तेलकट, तिच्या तिरक्या अक्षरातलं.

गोठवलेला बटाट्याचा कीस, एक पिशवी.

पिशवी!
खाली तळघरात माझे बटाटे छताला टेकलेले
आणि ही बया इतकी वर्षं
दुकानातून पिशवी आणत होती?

चिकन सूप, घट्टवालं, दोन डबे.
सावर क्रीम. चीज, हात आखडू नये.
कांदा, बारीक.
थेनला दिसणार नाही इतका बारीक.

मी कांदा खात नाही.
म्हणजे, खात नाही असं
मी सगळ्यांना सांगत आलो होतो.

आणि शेवटची ओळ,
मीठ: तुला माहीत आहे.

हे तिने कुणाला लिहिलं होतं कोण जाणे.
मला माहीत नव्हतं.

दुकानात गेलो, टोपी खाली ओढून,
बटाटेवाल्याने बटाटे विकत घेतले.
गल्ल्यावरच्या पोराने पिशवीकडे पाहिलं,
माझ्याकडे पाहिलं,
आणि सुटे पैसे जरा जास्तच हळू मोजले.

कांदा चिरला. जाड चिरला.
आता लपवायचं कुणापासून?
कॉर्नफ्लेक्स मुठीत चुरले, निम्मे जमिनीवर सांडले,
ते उचलायला वाकलो तर
ओव्हनच्या काचेतून दिसलं:
कडेने बुडबुडे येत होते,
मधला भाग अजून गप्प.
तिथेच बसलो, फरशीवर,
मधल्या भागाला उकळी फुटेपर्यंत.

चर्चच्या तळघरात टेबलावर
तेच बटाटे सात भांड्यांत, माझं आठवं.
ज्या बाईने सगळ्यांना हे खायला घातलं
तिला दुसरं कोण काय देणार?
लोकांनी माझ्यातलं वाढून घेतलं.
एक घास खाऊन लुएला उठली,
काही न बोलता मिठाची डबी घेऊन आली,
आधी स्वतःच्या ताटात घातलं, मग माझ्या.
कोपऱ्यातली खरपूस कड मात्र
विल्फोर्डच्या थोरल्या मुलाने
चमच्याने खरवडून नेली.

नंतर भांडी घासायला पोरी उभ्या राहिल्या.
एकीने, ब्रिन्ली तिचं नाव, गावात नवीनच,
माझं भांडं पालथं केलं.
बुडाला चिकटपट्टी,
शंभरदा धुऊन फिकटलेली शाई.
तिने डोळे बारीक करून वाचलं,
"आर्डिथ...
हे कुणाकडे पोचवायचं?"

नळ तेवढा वाहत राहिला.
बाकीच्या बायकांचे हात फेसात थांबले.

"दे इकडे," मी म्हणालो,
"माझ्या वाटेवरच आहे."